चैत्रातली डावी बाजू

ऊन तापायला लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये भाजी-आमटीचे प्रश्न मागे पडतात आणि कोशिंबिरीचे पुढे येतात. ताटात डावीकडे वाढायच्या या पदार्थाला एरवी आपण फारसे विचारत नाही. चैत्र-वैशाखात मात्र जेवण तिच्याच जोरावर घशाखाली उतरते. या वेळची सगळी पत्रे तिलाच देऊन टाकली आहेत.

प्रश्न : परदेशी मासिकांत वसंत ऋतूच्या सॅलडची पानेच्या पाने असतात. कोवळा मटार, लाल मुळे, ॲस्परॅगस, लेट्यूस. आपल्या चैत्रात यातले काही मिळत नाही, आणि मिळाले तर भाव ऐकून परत फिरावे लागते. मग आपल्या वसंतात ताजे, कच्चे असे खायचे तरी काय? — एक वाचक, सातारा

उत्तर : तुमची यादी पुन्हा वाचा आणि पौष-माघातली मंडई आठवा. मटाराचे ढीग, पानांसकट मुळ्याच्या जुड्या, लालभडक गाजरे, हरभऱ्याच्या गड्ड्या. युरोपात बर्फ वितळल्यावर एप्रिल-मेमध्ये जे उगवते, त्यातले बरेचसे आपण संक्रांत ते महाशिवरात्र या काळात खाऊन मोकळे झालेलो असतो. या भाज्यांना थंड हवा लागते आणि ती आपल्याकडे तेव्हाच असते. त्यांचा वसंत आपल्या थंडीत येऊन जातो म्हणा ना. लेट्यूसचे तर असे आहे, की हवा तापली की त्याचा दांडा वर सुटतो, पाने कडवट होतात आणि झाड फुलाबियांच्या मागे लागते. एप्रिलमध्ये ते विकत घेणे म्हणजे शीतगृहाचे भाडे भरणे. मी घेत नाही.

आपला वसंत कोवळ्या पानांचा नाहीच. तो आंबट फळांचा, पाणीदार वेलफळांचा आणि नव्या कांद्याचा आहे. कैरी, काकडी, कलिंगड, खरबूज, लिंबू, पुदिना आणि रब्बीचा नवा कांदा एवढ्या सामानावर दोन महिने निघतात. त्यातही अलिबागचा पांढरा कांदा. भात निघाल्यावर त्याच शेतात तो लावतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच्या विणलेल्या माळा रस्त्याकडेला टांगलेल्या दिसू लागतात. त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तिखटपणा कमी, गोडसरपणा जास्त, त्यामुळे कच्चा खायला याच्यासारखा कांदा नाही. लाल कांदाच हाताशी असेल तर पातळ चिरून दहा मिनिटे गार पाण्यात ठेवा आणि पाणी फेकून द्या. चिरताना कांद्याच्या पेशी फुटतात, त्यातून उग्र गंधकयुक्त द्रव्ये तयार होतात आणि ती बरीचशी त्या पाण्याबरोबर निघून जातात.

कैरी आणि हा कांदा एकत्र आले की तक्कू. एक मध्यम कैरी सोलून किसा, एक पांढरा कांदा बारीक चिरा, दोन-तीन मोठे चमचे चिरलेला गूळ, एक लहान चमचा लाल तिखट आणि मीठ. दोन मोठे चमचे तेलाच्या फोडणीत मोहरी, हिंग, हळद आणि पाव चमचा मेथीदाणे घाला. मेथी लालसर झाली की लगेच उतरवा, काळी पडली तर सगळा तक्कू कडू होतो. गुळाचे प्रमाण कैरीला विचारून ठरवायचे. चैत्राच्या सुरुवातीची कैरी आणि वैशाखातली पाडाला आलेली कैरी यांच्या आंबटपणात बराच फरक असतो.

कोकणात आणि गोव्यात याच दिवसांत काजूचे बोंडू निघतात. त्यांच्या चकत्यांना मीठ-तिखट लावून पाच मिनिटे ठेवले की घशाला बसणारा तुरटपणा सुसह्य होतो. आणि कलिंगड खाल्ल्यावर सालीजवळचा पांढरा भाग टाकू नका. हिरवी साल काढून तो किसला की दुधीसारखा दिसतो आणि दही, मिरची, दाण्याचे कूट घालून उत्तम कोशिंबीर होते. पाहुण्यांना कशाची आहे हे ओळखता येत नाही.

पालेभाजी हवीच असेल तर मराठवाड्यात आणि खानदेशात करतात तो घोळाणा करा. मेथीचा किंवा कांद्याच्या पातीचा कच्चा पाला बारीक चिरून त्यात दाण्याचे कूट, तिखट, मीठ आणि कच्चे तेल कालवायचे आणि भाकरीबरोबर लगेच खायचे. परदेशी हॉटेलांत पानांवर तेल-लिंबू घालून जे देतात त्याच्या जवळ जाणारे आपल्याकडे हेच, आणि तेही शेताच्या बांधावर बसून खाल्ले जाणारे.

प्रश्न : माझ्या काकडीच्या कोशिंबिरीचे दर वेळी सार होते. दही घट्ट घेतले, काकडी पिळून घेतली, तरी पंगत बसेपर्यंत वाटीत पाणी. सासूबाईंच्या कोशिंबिरीला कसे सुटत नाही? — एक वाचक, नाशिक

उत्तर : सासूबाई मीठ शेवटी घालत असणार. विचारून बघा.

काकडीत सुमारे 95 टक्के पाणी असते. ते पेशींमध्ये कोंडलेले असते, म्हणून काकडी करकरीत लागते. वर मीठ पडले की बाहेरचा भाग आतल्यापेक्षा खारट होतो आणि पाणी पेशीच्या पडद्यातून खारट बाजूकडे ओढले जाते. साखरही हेच करते, थोडे सौम्यपणे. आपल्या कोशिंबिरीत दोन्ही असतात, त्यामुळे घालून ठेवल्यावर पाणी सुटणार म्हणजे सुटणारच. दही कितीही घट्ट घेतले तरी तो दोष काकडीकडून येतो आहे.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही एकाच वेळी करायचे नाहीत. पहिला : काकडीला मीठ लावून पंधरा-वीस मिनिटे चाळणीत निथळत ठेवा, घट्ट पिळा आणि मग दही घाला. या कोशिंबिरीला वरून मीठ लागत नाही, हे लक्षात ठेवा. निघालेल्या पाण्यात थालीपिठाची भाजणी भिजवा. काकडी मात्र मऊ पडते. दुसरा, माझा आवडता : काकडी, कूट, ओले खोबरे, मिरची आणि कोथिंबीर आधी एकत्र करून ठेवा, गार झालेली फोडणी घाला, आणि पाने मांडल्यावर मीठ, साखर, लिंबू. दाण्याचे कूट इथे नुसते चवीला नसते. जे थोडे पाणी सुटते ते ते पिऊन घेते, म्हणून फार बारीक दळलेले नको आणि फार जाडही नको.

आता किसणीबद्दल. तुम्ही काकडी किसत असाल तर निम्मे नुकसान तिथेच झालेले आहे. किसणी पेशी चिरडते आणि चिरडलेल्या पेशीतले पाणी मिठाची वाट बघत नाही. खमंग काकडी करणाऱ्या जुन्या बायका काकडी चोचवायच्या. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरायची, सुरीने तिच्यावर जवळजवळ उभे घाव घालायचे आणि मग आडवी सुरी फिरवून बारीक तुकडे खाली पाडायचे. तुकडे वेडेवाकडे पडतात, पण सुरीच्या धारेने कापलेले असल्यामुळे करकरीत राहतात. चार माणसांपुरती काकडी चोचवायला सवयीच्या हाताला फार वेळ लागत नाही. सवय नसेल तर बोटे सांभाळा आणि सरळ पाटावर बारीक चिरा. चालते. फूड प्रोसेसर मात्र चालत नाही, त्याने काकडीचा चोथा होतो.

गरम फोडणी दह्यावर ओतू नका. दही फुटते आणि पुन्हा पाणी दिसते. फोडणी कढल्यात कोमट होऊ द्यायची. टोमॅटो घालत असाल तर आतला बियांचा गर आमटीत टाका आणि नुसती भिंत चिरून घ्या.

प्रश्न : काकडीचे टोक कापून तोच तुकडा वर घासला, की फेस येतो आणि कडूपणा निघून जातो असे म्हणतात. यात तथ्य आहे की हा घरोघरचा गमतीचा विधी आहे? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तथ्य कापण्यात आहे, घासण्यात फारसे नाही.

काकडी, दुधी, दोडका या सगळ्या एका कुळातल्या. किडींनी आणि जनावरांनी खाऊ नये म्हणून ही झाडे कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्ये तयार करतात. लागवडीच्या वाणांमध्ये ती निवडीने कमी केलेली असतात, पण वेलाला पाणी कमी पडले किंवा ऊन फार लागले की पुन्हा वाढतात. म्हणूनच तुमचा प्रश्न वैशाखात जास्त पडतो. ती देठाकडच्या टोकाला आणि सालीखाली जास्त साठतात. देठाकडचा दोन-तीन सेंटीमीटर भाग कापला आणि साल जरा जाडच काढली की बहुतेक कडूपणा गेलेला असतो, मग तुम्ही घासा किंवा आरती ओवाळा. फेस म्हणजे कापलेल्या कडेतून निघालेला चीक. मधल्या गरातले काही त्या वाटेने वर येत नाही.

घासायचे असेल तर खुशाल घासा, पण नंतर एक चकती चाखा. मधलीही कडू लागली तर ती काकडी टाकून द्या. मीठ-साखरेने चव झाकली जाते, द्रव्य तसेच राहते. दुधीच्या बाबतीत तर हा नियम अजिबात मोडू नका. कडू दुधीचा रस औषध म्हणून नाक दाबून प्यायलेली माणसे आपल्या देशात दगावलेली आहेत.

प्रश्न : उरलेली कोशिंबीर फ्रिजमध्ये किती दिवस टिकते? — एक वाचक, ठाणे

उत्तर : एकही नाही. तक्कूला दोन दिवस माफ.

प्रश्न : चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ करतात. ती कोशिंबीर की चटणी? आणि हरभऱ्याची कच्ची डाळ पोटाला बाधत नाही का? नोकरी करणाऱ्या आम्हा मैत्रिणींना ती आदल्या रात्री करून ठेवता येईल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : वाढतात डावीकडे, खातात वाटीभर. माझ्या मते ती कोशिंबीर. तुमच्याकडे दोन चमचेच वाढत असाल तर चटणी म्हणा.

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघर चैत्रगौर बसते, म्हणजे हळदीकुंकवाला जवळजवळ महिना मिळतो. डाळ, पन्हे, कलिंगडाच्या आणि काकडीच्या फोडी, ओटीत भिजवलेले हरभरे. उन्हातून आलेल्या बाईसमोर काय ठेवावे याचा इतका अचूक विचार क्वचित कुठल्या सणात दिसतो. अलीकडे काही ठिकाणी त्या जागी वेफर्स आणि पेढा आलेला पाहिला. त्या घरी मी पन्हे मागून घेते.

एक वाटी हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवा. ते पाणी फेकून द्या, ते वापरायचे नाही. पोटात वायू करणाऱ्या काही शर्करा त्या पाण्यात उतरलेल्या असतात. डाळ पूर्ण निथळू द्या आणि मिरच्यांबरोबर पाणी न घालता भरड वाटा. गंध झाली तर चिकट गोळा होतो आणि मग कितीही कैरी घाला, तो सुटा होत नाही. त्यात अर्धी-पाऊण वाटी कैरीचा कीस, मीठ, चमचाभर साखर, ओले खोबरे, कोथिंबीर. फोडणी सढळ हाताची हवी, हिंग ठसठशीत. कोरडी डाळ घशात अडकते आणि तिला ओलावा देणारे फोडणीचे तेल आणि कैरीचा रस एवढेच असते. पोट नाजूक असेल तर वाटलेली डाळ पाच मिनिटे वाफवून गार करून घ्या. चव थोडी बदलते, पण वाईट होत नाही.

आदल्या रात्री पूर्ण करून ठेवू नका. चैत्रातल्या उकाड्यात वाटलेली डाळ लवकर आंबते. डाळ सकाळी भिजत घाला, कैरी आदल्या दिवशी किसून फ्रिजमध्ये ठेवा, संध्याकाळी आल्यावर वाटण आणि फोडणी करा. पन्ह्याचा गर मात्र आधी करून ठेवता येतो.

प्रश्न : माझी आजी आंब्याच्या रायत्यात मोहरी फेसून घालायची, नाकात झिणझिण्या यायच्या. मी मोहरी मिक्सरवर कोरडी फिरवून घालते, फोडणीही देते, पण ती झिणझिण येत नाही. कुठे चुकते? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पाण्यात आणि वेळेत.

मोहरीचा दाणा नुसता चघळून बघा. आधी काही विशेष लागत नाही, मग हळूहळू नाकात चढते. तिखटपणा दाण्यात तयार नसतोच. त्याचा कच्चा माल एका ठिकाणी आणि त्याला फोडणारे विकर दुसऱ्या ठिकाणी असे वेगवेगळे ठेवलेले असतात. दाणा फुटला आणि ओलावा मिळाला की दोघे भेटतात आणि ते उग्र तेल तयार होते. कोरड्या पुडीत ओलावा नाही, म्हणून झिणझिण नाही. फोडणीत तर विकर उष्णतेने मरते. म्हणून तडतडलेली मोहरी खमंग लागते, नाकात जात नाही. त्याच दाण्याची ही दोन रूपे आहेत आणि एकाचे काम दुसरे करत नाही.

मोहरीची पूड वाटीत घ्या, थोडे गार पाणी घाला आणि पळीने किंवा बत्त्याने एकाच दिशेने घोटत राहा. दहा मिनिटांत ती फुलते आणि वास डोळ्यांत येतो. उकळते पाणी घालायचे नाही. दही, लिंबू, आमरस यांपैकी आंबट असेल ते सगळे त्यानंतर, कारण आंबटपणा आधी पडला तर विकराचे काम मंदावते. मग रायवळ आंब्याचा कोळ, बाठ्यांसकट, गूळ, मीठ. गोव्याकडे याच चवीचे सासव करतात, त्यात मोहरी खोबऱ्याबरोबर वाटतात. फेसलेली मोहरी ताजीच वापरा. ठेवली की उग्रपणा उडतो आणि मागे कडवटपणा उरतो.

प्रश्न : उन्हाळ्यात मुगाला एका रात्रीत लांब मोड येतात. ते कच्चेच कोशिंबिरीत घातले तर जास्त पौष्टिक ना? — एक वाचक, अकोला

उत्तर : ज्या ओलसर उबेत मोड लवकर येतात तीच जंतूंनाही मानवते. 2011 साली जर्मनीत कच्च्या मोडांमधून एका घातक जंतूची साथ पसरली आणि पन्नासच्या आसपास माणसे गेली. तपासात मेथीच्या मोडांचा माग लागला. आपले घरचे मूग म्हणजे ते मोड नव्हेत, पण अकोल्याच्या मेमध्ये मी मोड कच्चे खाणार नाही. दोन-तीन वेळा धुवा, पाच मिनिटे वाफवा, गार करा, मग कैरी, कांदा आणि लिंबू. लहान मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर बायका यांना कच्चे मोड देऊच नका.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. पाडव्याला इथे कधीकधी बर्फ असते, खरा वसंत एप्रिल-मेमध्ये येतो. भारतीय दुकानात कैरी मिळते, पण दमलेली. इथल्या ताज्या भाज्यांतून आपल्या चवीची कोशिंबीर जमेल का? — एक वाचक

उत्तर : जमेल, आणि दुकानातल्या दमलेल्या कैरीपेक्षा चांगली जमेल.

लाल मुळे पानांसकट घ्या. मुळा किसून, त्याचीच कोवळी पाने बारीक चिरून, दही आणि हिरवी मिरची घाला, वर जिऱ्याची फोडणी. ही तर सरळ मुळ्याची कोशिंबीर. गोड मटाराच्या कोवळ्या शेंगा तिरप्या चिरून कूट-खोबऱ्यात कालवा, कच्च्याच. ॲस्परॅगसच्या जाड कांड्या साल काढायच्या सोलाणीने लांब पट्ट्यांत काढा, लिंबू पिळा, कूट आणि हिंगाची फोडणी घाला. आईला फोनवर सांगू नका, आधी करून खाऊ घाला.

कैरीच्या जागी रूबार्ब. त्याचे लालसर दांडे इतके आंबट असतात की तिकडे लोक साखरेत शिजवल्याशिवाय ते खात नाहीत. आपल्याला तर आंबटच हवे आहे. दांडे किसू नका, दोरे निघतात. आडवे, कागदासारखे पातळ चिरा आणि वर दिलेल्या तक्कूच्या प्रमाणात कैरीऐवजी घाला, गूळ थोडा वाढवा. अर्धा तास मुरू द्या. रूबार्बची पाने विषारी असतात, ती पूर्ण काढून कचऱ्यात टाका. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी दांडेही टाळावेत, त्यांत ऑक्झलेट भरपूर असते.

पुढच्या महिन्यात पावसाळ्याआधीच्या साठवणीची पत्रे घेणार आहे : मेथांबा, साखरांबा, सांडगे, आमसुले. प्रश्न पाठवताना तुमच्या घरचे प्रमाण वाटी-चमच्यात लिहा. 'अंदाजाने' असे लिहिलेल्या पत्राला उत्तरही अंदाजानेच मिळेल.